घरातील साथ : फेरेट या प्राण्याच्या निमित्ताने

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. तो एका परदेशी जनावराच्या आजारपणावर का बोलतो आहे? आम्ही डॉक्टर नाही आणि पशुवैद्यही नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. परंतु वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती ही की, साथीच्या रोगाचे निदान ही एकत्र राहणाऱ्या जिवांची हकीकत असते. कोण कोणाजवळ निजतो, कोण कोणाच्या ताटात खातो, बाहेरून नवा कोण आला, आणि कोणी काय लपविले, हे कळल्यावाचून ती हकीकत पुरी होत नाही. असल्या हकीकती गोळा करण्यात आमचे आयुष्य गेले आहे.

दुसरे असे की, ज्या जनावराविषयी आम्ही बोलणार आहोत त्याचे आपणा सर्वांवर ऋण आहे. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ साली प्रथम हाती लागला, तो याच जनावराच्या साह्याने. ते जनावर म्हणजे फेरेट.

आपल्याकडे फेरेट पाळण्याची रीत नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देतो. लांबट अंगाचा, आखूड पायांचा, वजनाने अर्ध्या किलोपासून दोन किलोंपर्यंत भरणारा हा मांसाहारी प्राणी आहे. दिसायला तो मुंगसासारखा वाटतो. पण मुंगसाचे कूळ वेगळे. आपल्या नद्यांतले पाणमांजर मात्र त्याचे भाऊबंद होय. युरोपात दोन हजारांहून अधिक वर्षे माणूस फेरेट पाळीत आला आहे. सशांच्या बिळात त्याला सोडले की ससे बाहेर पळतात, म्हणून शिकारी त्याला बाळगीत. वस्तू पळवून दडवून ठेवण्याची त्याला मोठी हौस. त्याच्या इंग्रजी नावाचा मूळ लॅटिन अर्थच ‘छोटा चोर’ असा आहे. आज इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ घरांत तो लाडाने पाळला जातो. एकटा क्वचितच, बहुधा तीन, चार, पाच असे एकत्र. दिवसाचे चौदा-पंधरा तास तो झोपतो, आणि तेही एकाच कापडी झोळीत, एकमेकांच्या अंगावर ढीग करून. आपल्या चाळीतल्या एका खोलीत आठ माणसे निजतात, तसाच हा प्रकार. अशा घरात एकाला साथीचा रोग झाला म्हणजे पुढे काय होणार, हे चाळीत राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आता समजा, एका घरात पाच फेरेट आहेत. सोमवारी सकाळी त्यांतला एक झोळीतून उठला नाही. खाणे टाकले, नाक वाहते आहे, डोळे पाणावले आहेत. घरधनी घाबरतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘याला काय झाले?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर एकट्या त्या जनावराकडे पाहून मिळत नाही. नाक वाहणे हे साध्या पडशातही असते आणि प्राणघातक रोगातही असते. हगवण रोगानेही लागते आणि रबराचा तुकडा गिळल्यानेही लागते. म्हणून जाणता पशुवैद्य आजाऱ्याला तपासतो, आणि त्याच वेळी उरलेल्या चौघांचीही विचारपूस करतो.

येथे तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार असा की, एकच आजारी पडला आणि दिवस लोटले तरी बाकीचे धडधाकट राहिले. अशा वेळी बहुधा साथ नसते. फेरेटला रबर, फोम असल्या वस्तू चावून गिळण्याची खोड आहे. त्या आतड्यात अडकल्या की तो खाणे टाकतो. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटच्या स्वादुपिंडात गाठ होऊन रक्तातील साखर उतरते आणि मागचे पाय लुळे पडतात. हे आजार एकाचे एकालाच. दुसरा प्रकार असा की, पाचही एकाच दिवशी, जवळजवळ एकाच वेळी आजारी पडले. तेव्हा संशय खाण्यावर, पाण्यावर, घरात फवारलेल्या औषधावर घ्यावा. एका पंगतीत बसलेल्यांना विषबाधा होते ती सर्वांना एकदम. तिसरा प्रकार असा की, आधी एक, मग काही अंतराने दुसरा, मग आणखी दोन. ही पायरीपायरीची चाल साथीच्या रोगाची होय. आणि या चालीत दोन पायऱ्यांमधले अंतर किती दिवसांचे आहे, यावर निदानाचा मोठा भाग अवलंबून असतो.

फेरेटच्या घरात येणाऱ्या चार मुख्य साथी आपण याच दृष्टीने पाहू.

पहिली इन्फ्लुएन्झाची. लागण झाल्यापासून दोन दिवसांच्या सुमारास ताप चढतो, उतरतो आणि काही वेळा पुन्हा चढतो. शिंका येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जनावर मलूल होते. निरोगी फेरेट बहुधा आठवड्याभरात सुधारतो. पिलांना आणि म्हाताऱ्यांना मात्र हा आजार जड जातो.

दुसरी डिस्टेंपरची. हा मुळात कुत्र्यांचा रोग. त्याचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा नातलग आहे, पण तो माणसाला आजारी पाडीत नाही. येथे लागण आणि लक्षणे यांत सात ते दहा दिवस जातात. आरंभ पडशासारखाच होतो. मग डोळे चिपडाने चिकटतात, हनुवटीवर पुरळ उठतो, आणि पुढे तळपायाची कातडी जाड व टणक होते. फेरेटला हा रोग झाला की तो जवळजवळ नेहमीच दगावतो. त्यावर औषध नाही; आधी टोचलेली लस एवढाच उपाय.

तिसरी हिरव्या हगवणीची. ही १९९३ च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व भागात प्रथम ध्यानात आली आणि मागाहून तिचे कारण एक कोरोनाविषाणू आहे असे ठरले. कोविडच्या विषाणूहून हा निराळा. घरात नवे पिलू आणले जाते. ते स्वतः ठणठणीत असते, खेळते, बागडते. दोन-तीन दिवसांत घरातले जुने फेरेट हिरवट, बुळबुळीत हगू लागतात, आणि जितका वयाने मोठा तितका अधिक आजारी. दगावणारे थोडे, परंतु अंगातले पाणी सुकून हाल फार होतात, आणि बरा झालेलाही कित्येक महिने रोग पसरवू शकतो.

चौथी अल्यूशियन रोगाची. हा मूळचा मिंक नावाच्या लोकरीच्या जनावराचा. याच्या चालीला दिवस नव्हे, महिने लागतात. जनावर हळूहळू झिजते, मागच्या पायांतले बळ जाते. कित्येक फेरेट मात्र विषाणू अंगात बाळगून वरून निरोगी दिसतात. त्यावर लसही नाही आणि रोग समूळ घालविणारे औषधही नाही.

आता पहिल्या दोहोंकडे पुन्हा पाहा. इन्फ्लुएन्झा आणि डिस्टेंपर यांची पहिल्या दिवसाची चिन्हे एकसारखी आहेत. आणि एकात जनावर आठवड्यात बरे होते, तर दुसऱ्यात ते जाते. चुकीच्या निदानाने घरधनी एक तर बऱ्या होणाऱ्या जिवाची आशा सोडील, नाही तर मरणाऱ्याला इतर चौघांच्या अंथरुणात राहू देईल. खुद्द शास्त्रज्ञांपुढे हाच पेच उभा राहिला होता, त्याची कथा सांगण्यासारखी आहे.

लंडनच्या उत्तरेस मिल हिल येथे सरकारी वैद्यक संशोधन संस्थेची प्राण्यांवरील प्रयोगांची जागा होती. कुत्र्यांच्या डिस्टेंपरने शिकारी लोक हैराण झाले होते, म्हणून ‘द फील्ड’ या नियतकालिकाने निधी उभारला आणि लेडलॉ व डंकिन या दोघांनी तेथे संशोधन चालविले. फेरेटला डिस्टेंपर होतो, ही गोष्ट शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्या नोकरांना आधीपासून ठाऊक होती. त्या माहितीचा उपयोग करून १९२६ च्या सुमारास फेरेटवर प्रयोग सुरू झाले आणि पुढे लसही तयार झाली. ज्यांच्या हातून जनावर वाढते त्यांना त्याच्या दुखण्याची खबर आधी असते, हे यावरून दिसते.

१९३३ च्या आरंभी इंग्लंडात इन्फ्लुएन्झाची साथ आली. विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ हे तिघे तिचे कारण शोधीत होते. १८९२ साली फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने एक जंतू दाखविला होता, आणि तोच या रोगाचे मूळ असे पुष्कळ डॉक्टर मानीत. पण पुरावा पक्का होत नव्हता. इतक्यात वेलकम प्रयोगशाळांतून बातमी आली की, तेथील नोकरांत इन्फ्लुएन्झा आहे आणि तेथले फेरेटही शिंकत आहेत. मोठी आशा उत्पन्न झाली. अँड्र्यूज स्वतःच तापाने पडले होते. त्यांच्या घशाचे धुवण गाळून फेरेटच्या नाकात घातले गेले, आणि फेरेट आजारी पडले. मागाहून कळले ते असे की, वेलकममधल्या त्या फेरेटांना इन्फ्लुएन्झा नव्हताच. त्यांना डिस्टेंपर झाला होता!

मग मिल हिलच्या फेरेटांना जे झाले ते तरी इन्फ्लुएन्झा कशावरून? या माणसांनी तेथे घाई केली नाही. फेरेट वेगवेगळे ठेवले होते, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या माणसांना जंतुनाशकाने धुतल्यावाचून ये-जा करता येत नसे. मग त्यांनी उलटसुलट परीक्षा घेतली. ज्या फेरेटला डिस्टेंपर होऊच शकत नाही अशा फेरेटला हा नवा ताप दिला, तो त्याला आला. आणि जो फेरेट नव्या तापातून उठला, त्याला डिस्टेंपर द्यावा तर तो होतो असे दिसले. अर्थात् दोन रोग निराळे. शिवाय बऱ्या झालेल्या फेरेटला तोच ताप पुन्हा येईना. जुलै १९३३ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ मध्ये आला आणि इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो हे जगाला कळले.

याच कथेला १९३६ साली आणखी एक भाग जोडला गेला. स्ट्युअर्ट-हॅरिस नावाचे तरुण डॉक्टर लागण झालेल्या एका फेरेटला तपासीत असता तो त्यांच्या तोंडावर शिंकला. दोन दिवसांच्या आत त्यांना इन्फ्लुएन्झाने गाठले, आणि त्यांच्या घशातून निघालेला विषाणू फेरेटला दिलेल्या विषाणूशी जुळला. माणसाचा ताप फेरेटला आणि फेरेटचा माणसाला, अशी ही दुतर्फा वाट आहे.

म्हणूनच आपल्या कल्पनेतल्या त्या घरधन्याला पशुवैद्य जो प्रश्न आवर्जून विचारतो तो असा, ‘गेल्या तीन-चार दिवसांत घरात कोणाला ताप-पडसे होते काय?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘होय, मलाच होते.’ पाचांच्या झोळीत रोग आणणारा सहावा तो स्वतः असतो. नवे पिलू आणले काय, शेजारचे कुत्रे आले काय, फेरेटांच्या प्रदर्शनाला गेला होता काय, हे प्रश्न त्यानंतरचे. २०२० साली कोविडचा विषाणूही फेरेटला लागतो असे प्रयोगांत दिसून आले, तेव्हा या प्रश्नाचे महत्त्व वाढलेच आहे.

आजच्या काळात यापुढचे काम प्रयोगशाळा करते. नाकातील स्राव किंवा विष्ठा घेऊन विषाणूचा अंश शोधणारी पी.सी.आर. चाचणी आता सर्वांच्या परिचयाची आहे. डिस्टेंपरसाठी डोळ्याच्या पापणीआतील पेशी तपासतात, अल्यूशियन रोगासाठी रक्त. परंतु चाचणीचा अर्थही हकीकतीवाचून लागत नाही. रक्तातली प्रतिद्रव्ये एवढेच सांगतात की, या शरीराची त्या विषाणूशी कधी तरी गाठ पडली. ती लसीमुळेही पडते आणि जुन्या लागणीमुळेही पडते. आजचे दुखणे त्याचेच, हे ठरविण्यास तारखा लागतात.

तारखा कोठून येणार? त्या घरातूनच. आम्ही त्या घरधन्याला सांगू की, बाबा, मस्टर ठेव. गिरणीत हजेरीचे मस्टर असते तसे. प्रत्येकाचे नाव, वय, घरात आल्याची तारीख, लस टोचल्याची तारीख. खाल्ले किती, हगला कसा, ताप किती, पहिली शिंक कधी. फेरेटचे अंग निरोगीपणीही शंभर ते एकशेचार अंश फॅरनहाइट इतके उष्ण असते. तेव्हा हात लावून ‘ताप आहे’ म्हणण्यात अर्थ नाही, मोजलाच पाहिजे. आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याची भांडी आणि अंथरूण वेगळे करावे, आणि निरोग्यांचे सर्व काम आधी उरकून मगच त्याच्याकडे जावे. माणसाच्या तापाची गोळी त्याला देऊ नये. ती त्याच्या यकृताला घातक होते. आणि पशुवैद्याकडे नेताना आधी कळवून न्यावे, म्हणजे बाहेर बसलेल्या दुसऱ्यांच्या जनावरांत साथ जाणार नाही.

वेगळे ठेवणे म्हणजे केवढी गोष्ट, हे समजण्यासाठी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले एक उदाहरण देतो. फेरेटचा एक रानटी भाऊ तेथे आहे, काळ्या पायांचा फेरेट. तो नामशेष झाला असे समजत होते. १९८१ साली मीटीट्सी गावाजवळ एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट दारात आणून टाकला, आणि त्यावरून त्यांची वस्ती सापडली. १९८५ च्या उन्हाळ्यात ही वस्ती झपाट्याने घटू लागली. ज्यांवर हे फेरेट जगतात त्या बिळात राहणाऱ्या प्रेअरी डॉग नावाच्या खारींत प्लेग निघाला होता. म्हणून पिसवा मारण्यासाठी हजारो बिळांवर भुकटी टाकण्यात आली. प्लेग खराच होता. परंतु फेरेटांत त्याच वेळी डिस्टेंपर फिरत होता, आणि तो उघडकीस आला शरद ऋतूत. सहा फेरेट पकडून सुरक्षित ठेवावे म्हणून एका इमारतीत आणले होते. त्यांतले दोन लागण घेऊनच आले होते, वरून काही दिसत नव्हते. डिस्टेंपरचे ते सात-दहा मुके दिवस! सहाही मेले. त्यानंतर १९८७ च्या आरंभापर्यंत उरलेले सारे पकडले, ते भरले अवघे अठरा. आज जगात त्या जातीचे जे फेरेट आहेत ते त्या अठरांतल्या थोड्यांची प्रजा आहेत. एक कारण सापडले म्हणून दुसरे शोधण्याचे थांबू नये, आणि नव्या आलेल्याला काही आठवडे निराळे ठेवल्यावाचून इतरांत मिसळू नये, हे दोन धडे तेथे फार महाग मिळाले.

बंधुभगिनींनो, या सगळ्यात एक अडचण आहे, आणि ती सांगण्यासाठीच आम्ही हा विषय निवडला. फेरेट आपले दुखणे सांगत नाही. तो मुका आहे. ते लपविण्यात त्याचा काही हेतू नसतो. माणसाला वाचा आहे, तरी तो पुष्कळदा दुखणे लपवितो.

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मागोमाग जहाज कंपन्यांचे नोकर, गोदीचे कामगार, मग गिरण्या, असा तो ताप पायरीपायरीने चढत गेला. पावसाळ्याअखेर दुसरी लाट आली, आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या काळी तापाने फणफणलेला बदली कामगार खात्यात का येत होता? दिवस भरला नाही तर दाम नाही, आणि उद्या दारावर आपले नाव पुकारले जाईल याची हमी नाही, म्हणून. त्याला विचारले असते, ‘ताप आहे काय?’ तर तो ‘नाही’ म्हणाला असता. त्या ‘नाही’ने शेजारच्या साच्यावरच्या माणसाचे काय झाले असेल, ते आपण जाणता. तो खोटे बोलत होता असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. त्याच्या घरची चूल त्याच्याकडून ते बोलवून घेत होती.

पुढे १९४८ सालच्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली आणि १९५२ पासून ती चालू झाली. आजारपणात रोजच्या वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत, अशी तिच्यात सोय झाली. हा लाभ ज्यांना मिळतो त्यांना आजारी असल्याचे सांगणे परवडते. परंतु आजही घरकाम करणाऱ्या बाया, हातगाडीवाले, नाक्यावर उभे राहणारे मजूर, घरोघर पार्सल पोचविणारी मुले यांतले बहुतेक या सोयीबाहेर आहेत. त्यांच्यापैकी कोणी शिंकत आपल्या दाराशी आले तर आपण त्यांना रागे भरतो. रागे भरण्याऐवजी ‘आज घरी जा, पैसे कापणार नाही’ असे म्हणून पाहा. ते वाक्य औषधाचे काम करते, कारण पुढच्या वेळी ती बाई आपण होऊन सांगेल, आणि साथ कोठून कोठे गेली याचा हिशेब लागेल.

ज्या घरधन्याचे पाच फेरेट आजारी पडले, त्याने पशुवैद्यापुढे ‘मलाच पडसे होते’ असे मोकळेपणी म्हटले, कारण ते म्हणण्याने त्याचे काही जात नव्हते. त्या एका वाक्याने डिस्टेंपरची धास्ती कमी होऊन इन्फ्लुएन्झाकडे बोट वळले, आणि कदाचित पाच जीवही वाचले. असे वाक्य आपल्या गावातल्या प्रत्येकाला निर्धास्तपणे उच्चारता यावे, एवढीच आमची मागणी आहे. संघटनेच्या मागणीपत्रकात ती रजा, पगार, विमा अशा शब्दांत लिहिलेली असते. येथे ती एका जनावराच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवली.